दुकानाच्या दारातले नियम : सातपूरच्या कामगाराला सकाळी सात ते अकरा का परवडत नव्हते

सातपूरच्या अशोकनगर बाजारात भाजी घ्यायला जायचे तर माणशी पाच रुपयांची पावती फाडावी लागत होती, हे आज कॉलेजात जाणाऱ्या मुलांना सांगितले तर त्यांना खरे वाटत नाही. पण ते खरे आहे. मार्च २०२१ च्या अखेरीस नाशिक शहरात कोरोनाचे रुग्ण झपाट्याने वाढत होते. तेव्हाचे पोलीस आयुक्त दीपक पांडेय यांनी शहरातल्या गर्दीच्या बाजारांसाठी ही व्यवस्था जाहीर केली. पाच रुपये द्यायचे, पावती घ्यायची, एक तासात खरेदी उरकून बाहेर पडायचे. तासापेक्षा जास्त रेंगाळलात तर पाचशे रुपये दंड. मेनरोड, पवननगर, कलानगर आणि आमचा अशोकनगर बाजार या यादीत होते. देशभरच्या वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर ही बातमी गाजली. पुढच्याच आठवड्यात, ५ एप्रिलला, राज्य सरकारचा 'ब्रेक द चेन'चा आदेश आला आणि किराणा, भाजी, औषधे सोडून बाकीची दुकानेच बंद झाली.

आता त्या काळाची आठवण काढायला कोणी तयार नसते. घरोघरी कोणी ना कोणी गेले आहे. तरीही आम्ही हा विषय मुद्दाम घेतो आहोत, कारण साथ पुन्हा येऊ शकते आणि दुकानाच्या दारातले नियमही पुन्हा येतील. त्यातले कोणते शहाणपणाचे होते, कोणते नव्हते, आणि त्यांचा भार कोणाच्या खांद्यावर पडला, याचा हिशोब आपल्या वस्त्यांनी एकदा मांडून ठेवला पाहिजे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. कोरोना खोटा होता, मास्क थोतांड होते, असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्याच डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती झाली, पुरवठा खंडित झाला आणि २२ रुग्ण गुदमरून गेले. त्या शहरात राहणाऱ्या माणसाला साथ किती खरी होती हे सांगावे लागत नाही. नियम हवेच होते. आमचे गाऱ्हाणे नियम असण्याबद्दल नाही. ते एकमेकांशी आणि आमच्या जगण्याशी जुळत नव्हते, याबद्दल आहे.

नियम कसकसे बदलत गेले

२३ मार्च २०२० पासून राज्यात संचारबंदी आणि २५ मार्चपासून देशात टाळेबंदी लागली. ३१ मे २०२० ला राज्य सरकारने 'मिशन बिगिन अगेन'चा आदेश काढला. त्यानुसार ५ जूनपासून नाशिकसह मोठ्या महापालिकांच्या हद्दीत दुकाने उघडली, पण सम-विषम पद्धतीने. रस्त्याच्या एका बाजूची दुकाने आज, समोरच्या बाजूची उद्या, वेळ सकाळी नऊ ते सायंकाळी पाच. कपड्यांच्या दुकानात घालून बघायची खोली बंद, घेतलेला माल परत किंवा बदलून मिळणार नाही. दुकानात एका वेळी पाचच गिऱ्हाइके, दोघांत सहा फूट अंतर. ही सम-विषमची भानगड ५ ऑगस्टपर्यंत चालली.

आमच्या भागात कोपऱ्यावरच्या दुकानाला दोन रस्ते लागतात. त्याने कोणत्या दिवशी उघडायचे? एका दुकानदाराने दोन्ही दिवशी उघडून पाहिले आणि दोन्ही दिवशी त्याला बंद करायला लावले. यात विनोद वाटेल, पण त्याच्या घरचा चुलाही दोन्ही दिवस थंड होता.

दहा फूट रुंद, बारा फूट खोल दुकानात पाच माणसे सहा-सहा फुटांवर कशी उभी करायची, हे कोणी मोजून पाहिले नव्हते. मग पाचही जण बाहेर. दारासमोर चुन्याचे गोल आखले गेले. गोल तीन-चार आणि रांग चाळीस जणांची, म्हणजे बाकीचे गोलाबाहेर एकमेकांना चिकटून. जागतिक आरोग्य संघटना एक मीटर म्हणत होती, आपले सरकार दोन गज. फळ्यावर कोणी तीन फूट लिहिले, कोणी सहा. याच अंतराला पहिल्यांदा 'सामाजिक अंतर' म्हटले गेले, हे आपल्या समाजाला टोचले नसते तरच नवल. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी दुकानदाराच्या ओट्याखाली उभे राहून, वरून टाकलेली पुडी झेलली, त्यांना तो शब्द नवा नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने स्वतःच मार्च २०२० मध्ये 'शारीरिक अंतर' हा शब्द घेतला. आपल्याकडच्या पाट्यांवर मात्र जुनाच शब्द शेवटपर्यंत राहिला.

दारू आणि विहार यांच्या तारखाही जरा शेजारी ठेवून पाहाव्यात. दारूच्या दुकानांना मे २०२० च्या सुरुवातीलाच परवानगी मिळाली. मंदिरे, मशिदी, विहार उघडले १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. ७ मे २०२० ची बुद्ध पौर्णिमा आपण घरात केली आणि त्याबद्दल तक्रार केली नाही. गर्दी टाळणे हेच त्या दिवशी योग्य होते. पण त्याच आठवड्यात दारूच्या दुकानांसमोरच्या रांगा टीव्हीवर पाहताना पाचव्या शीलाची आठवण सगळ्यांनाच झाली. सरकारला महसूल हवा होता. तसे सरळ सांगितले असते तर लोकांनी समजून घेतले असते.

सात ते अकरा

खरा फटका बसला तो दुसऱ्या लाटेत. १४ एप्रिल २०२१ च्या रात्री आठपासून, म्हणजे बाबासाहेबांची जयंती आपण घरातल्या घरात साजरी केली त्याच दिवशी, राज्यात कडक निर्बंध सुरू झाले. २० एप्रिलला आणखी एक आदेश आला. किराणा, भाजी, फळे, दूध, बेकरी, मटण-चिकन, मासळी अशी खाण्यापिण्याची सगळी दुकाने फक्त सकाळी सात ते अकरा उघडी राहतील. घरपोच माल मात्र सकाळी सात ते रात्री आठपर्यंत देता येईल.

मंत्रालयात बसून पाहिले तर हा नियम नीटनेटका दिसतो. सातपूरमधून पाहा. आमची वस्ती औद्योगिक वसाहतीची आहे. कारखाने पूर्ण बंद नव्हते. निर्यातीचे, औषधांचे, अत्यावश्यक मालाचे आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे कारखाने चालू होते. पहिली पाळी साधारण सातला लागते. कामगार साडेसहाला घर सोडतो आणि चारच्या सुमारास परततो. म्हणजे दुकान उघडायच्या आत तो निघून गेलेला आणि दुकान बंद होऊन पाच तास झाल्यावर तो घरी आलेला. ज्या घरात नवरा-बायको दोघेही कंपनीत कंत्राटी कामावर आहेत, त्या घराने पीठ कधी आणायचे? एक दिवसाचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. महिन्याचे सामान एकदम भरा, असे सल्ले तेव्हा फार मिळत. प्रबुद्धनगर, स्वारबाबानगर, संत कबीरनगरसारख्या वस्त्यांत रोजच्या कमाईतून रोजचा अर्धा किलो तांदूळ आणि पाव लिटर तेल घेतले जाते. महिन्याचे एकदम भरायला महिन्याचे पैसे हातात असावे लागतात.

घरपोच सेवेचेही तेच. ती मोठ्या दुकानांकडे होती, ॲपवाल्यांकडे होती. आमच्या गल्लीतला किराणावाला एकटा माणूस. तो दुकान सांभाळणार की पिशव्या घेऊन फिरणार? आणि उधारीची वही घेऊन घरपोच कोण देतो? त्यामुळे लिहिलेले नव्हते, पण घडले असे की अकरानंतर शटर अर्धे खाली येई आणि मागच्या दाराने पुडी मिळे. मागच्या खोलीत हवा नाही, उजेड नाही, दोन माणसे खेटून उभी. नियमाने लोकांना उघड्या ओट्यावरून उचलून बंद खोलीत नेऊन ठेवले.

ही नुसती सोयीची गोष्ट नाही, आजाराचीही आहे. सुरुवातीला सगळा भर थुंकीच्या थेंबांवर आणि वस्तूंच्या पृष्ठभागावर होता. म्हणून दारात सॅनिटायझर, नोटा पुसणे, भाजी सोड्याच्या पाण्यात धुणे. पुढे स्पष्ट होत गेले की बोलताना, खोकताना बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात आणि बंद जागेत ते जास्त धोक्याचे. भारत सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये सूचना काढली. मोठे थेंब दोन मीटरपर्यंत पडतात, सूक्ष्म कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून खिडक्या उघडा, पंखा लावा, हवा खेळती ठेवा, असे तीत सांगितले होते. धोका ठरतो तीन गोष्टींवर : जागा किती बंद आहे, माणसे किती आहेत आणि तुम्ही तिथे किती वेळ आहात. या हिशोबाने चार तासांचा नियम तपासला तर काय दिसते? बारा तासांत येणारी गिऱ्हाइके चार तासांत कोंबली तर तासाची गर्दी तिप्पट होते. लोक कमी आले तर ती थोडी उतरेल, पण पोट कमी होत नाही. दुकान जास्त वेळ उघडे ठेवून एका वेळची माणसे मोजकी ठेवणे, हा अशा दुकानांसाठी जास्त सुरक्षित मार्ग होता. सरकारची बाजूही सांगितली पाहिजे. दुकाने उघडी असली की लोक निमित्ताने बाहेर पडतात, आणि पोलिसांना दिवसभर गर्दी मोजण्यापेक्षा अकराला शटर पाडणे सोपे जाते. पोलीस कमी होते, थकलेले होते, त्यांच्यातलेही अनेक जण गेले. अंमलबजावणी सोपी व्हावी हे कारण खोटे नाही. पण मग ती सोपी होण्याची किंमत पहिल्या पाळीच्या कामगाराने भरली, हेही खोटे नाही.

पाच रुपयांच्या पावतीकडेही याच नजरेने पाहावे. एक तासाच्या मर्यादेमागचा विचार चुकीचा नव्हता, कारण वेळ कमी तर धोका कमी. पण पावतीसाठी बाजाराच्या तोंडाशीच रांग लागली, आणि पावती हातातून हातात गेली. पाच रुपये ज्याला जड नाहीत त्याला तो नियम जाणवलाच नाही. ज्या बाईला दोन जुड्या मेथी घ्यायची होती, तिला भाजीच्या भावात पाच रुपये जास्त मोजावे लागले.

काय अत्यावश्यक, काय नाही

एप्रिल २०२१ च्या आदेशानंतर लोकांचे प्रश्न इतके आले की सरकारला प्रश्नोत्तरांचे पत्रक काढावे लागले. त्यातली उत्तरे आजही वाचण्यासारखी आहेत. वाहतुकीसाठी लागणारे गॅरेज उघडे ठेवता येईल, सुट्या भागांचे दुकान मात्र बंद. म्हणजे मेकॅनिक तुमची गाडी खोलणार आणि क्लचची तार आणायची कुठून हा प्रश्न देवावर सोडणार. घरातला पंखा-कूलर दुरुस्त करणाऱ्याला परवानगी नाही, आणि दिवस एप्रिल-मेचे, पत्र्याची घरे. मोठ्या सुपरमार्केटला अत्यावश्यक माल विकता येईल, पण बाकीचे विभाग बंद ठेवायचे. तिथे कपड्यांच्या रॅकसमोर दोऱ्या बांधलेल्या आम्ही पाहिल्या. दोरीच्या अलीकडे डाळ, पलीकडे मुलाची चड्डी. ज्या छोट्या दुकानदाराकडे फक्त चड्डी-बनियनच होते त्याचे शटर पूर्ण बंद.

शाळेची वही अत्यावश्यक नव्हती. मुले मोबाईलवर शिकत होती असे कागदावर होते, आणि मोबाईल दुरुस्तीचे दुकानही बंद होते.

जून २०२१ मध्ये पाच स्तरांची पद्धत आली. बाधितांचे प्रमाण आणि प्राणवायूच्या किती खाटा भरल्या आहेत, यावर जिल्ह्याचा स्तर ठरणार. ही पद्धत आम्हाला आधीच्या सगळ्यांपेक्षा बरी वाटली, कारण प्रथमच नियमामागचे कारण आकड्यात दिसत होते. पाच टक्क्यांच्या आत प्रमाण आणि पंचवीस टक्क्यांच्या आत खाटा भरलेल्या असतील तर पहिला स्तर, सगळे खुले. पण तीन आठवड्यांतच, २५ जूनला, डेल्टा प्लसच्या धास्तीने कोणताही जिल्हा तिसऱ्या स्तराच्या वर जाणार नाही असे ठरले. म्हणजे आकडे कितीही सुधारले तरी दुकान चारलाच बंद, आणि अत्यावश्यक नसलेली दुकाने शनिवार-रविवार पूर्ण बंद. चार वाजता पहिली पाळी घरी येते, आणि कंपनीची साप्ताहिक सुट्टी शनिवारी-रविवारीच असते. सातपूरच्या कामगाराने चप्पल तुटली तर कधी घ्यायची, हे त्या आदेशात नव्हते.

मग २७ नोव्हेंबर २०२१ चा आदेश. दुकानात, मॉलमध्ये येणाऱ्याचे लसीकरण पूर्ण झालेले हवे. नियम मोडणाऱ्या गिऱ्हाइकाला पाचशे रुपये दंड आणि ज्या दुकानात तो सापडेल त्या दुकानाला दहा हजार. तोंडाला बांधलेला हातरुमाल मास्क धरला जाणार नाही. हातरुमालाचे शास्त्र बरोबरच होते, पण दीड वर्ष आधी हाच रुमाल बांधा म्हणून सांगितले गेले होते. लसीचे गणित त्याहून अवघड. पूर्ण लसीकरण म्हणजे दुसरा डोस घेऊन चौदा दिवस झालेले. कोविशिल्डच्या दोन डोसांत किमान ८४ दिवसांचे अंतर सरकारनेच ठरवले होते. ज्याने १५ ऑक्टोबरला पहिला डोस घेतला, त्याला दुसरा मिळणार ७ जानेवारीला, आणि तो 'पूर्ण' होणार २१ जानेवारीला. तोपर्यंत सरकारचा प्रत्येक नियम पाळूनही तो दुकानाच्या दारात गुन्हेगार. आणि दहा हजारांच्या भीतीने प्रमाणपत्र तपासायचे कोणी? सातवी शिकलेल्या किराणावाल्याने, गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर, इंग्रजीत.

पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल प्रकरणात निकाल दिला. न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या पीठाने लस सक्तीने देता येणार नाही असे स्पष्ट केले. साथ आटोक्यात असताना लस न घेतलेल्यांना सार्वजनिक ठिकाणी रोखणारे निर्बंध प्रमाणाला धरून नाहीत, असेही म्हटले. त्याआधीच, २ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्याला, राज्यातले सगळे निर्बंध उठले होते. लस आम्ही घेतली, वस्तीत फिरून लोकांना घ्यायला लावली, आणि आजही त्यात काही चूक वाटत नाही. पटवून दिलेली लस आणि पीठ अडवून टोचलेली लस यांत फरक आहे.

नियम बदलतो, पण कसा

नियम बदलत राहिले ही तक्रार आम्ही करणार नाही. नवा आजार, रोज नवी माहिती, तेव्हा नियम बदलणारच. तथागतांच्या संघातही नियम बदलत होते. विनयपिटकात आंघोळीच्या नियमाची हकीकत आहे. राजगृहात तपोदा नावाचे गरम पाण्याचे झरे होते. बिंबिसार राजा तिथे स्नानाला आला, तर भिक्खू अंधार पडेपर्यंत आंघोळ करत राहिले. राजा थांबून राहिला, नगराचे दरवाजे बंद झाले आणि त्याला रात्र बाहेर काढावी लागली. तेव्हा नियम झाला की भिक्खूने पंधरवड्याच्या आत पुन्हा आंघोळ करू नये. मग उन्हाळा आला, भिक्खूंची अंगे घामाने भिजली, तेव्हा उन्हाळ्याची सवलत आली. आजाऱ्याला सवलत आली. काम करून अंग मळलेल्याला आली. प्रवासातल्याला आली, वादळवाऱ्यात धुळीने भरलेल्याला आली. पुढे अवंतीहून महाकच्चायनांचा निरोप घेऊन सोण कुटिकण्ण आले. त्यांच्याकडचे लोक रोज स्नान करणारे, तिथे हा नियम जमत नाही, असा तो निरोप होता. तेव्हा सीमेवरच्या प्रदेशांसाठी नित्य स्नानाची मुभा मिळाली.

या हकीकतीत प्रत्येक नियमासोबत तो का झाला हे नोंदले आहे. अडचण खालून सांगितली गेली आणि वर ऐकली गेली. काम करणाऱ्याचा घाम हे सवलतीचे पुरेसे कारण मानले गेले. आणि दर पंधरवड्याला उपोसथाला सगळ्यांसमोर नियमांचे पठण होई, म्हणजे नियम काय आहे याबद्दल संघात कोणी अंधारात नसे. आमच्याकडे मूळ आदेश बहुतेक वेळा इंग्रजीत, रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर फिरत येई, सकाळी सातला लागू होई, आणि त्याचा अर्थ चौकातल्या शिपायाने जो लावला तो.

कायद्याची चौकटही पाहिली पाहिजे. हे सगळे चालले ते २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यावर आणि १८९७ च्या साथरोग कायद्यावर. हा १८९७ चा कायदा इंग्रजांनी प्लेगसाठी केला. त्याच प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. सरकारला वाटेल ते उपाय करता येतील, न पाळणाऱ्याला शिक्षा होईल आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा करता येणार नाही, एवढे त्यात आहे. लोकांना काय मिळेल, त्यांनी कोणाकडे दाद मागायची, हे त्यात नाही. ती उणीव भरून काढायला बाबासाहेबांचे संविधान आहे. अनुच्छेद १४ प्रमाणे दोन दुकानांत फरक करायचा तर त्याला सयुक्तिक कारण हवे. अनुच्छेद १९ प्रमाणे व्यवसायावर बंधन घालता येते, पण ते वाजवी हवे. दोरीच्या अलीकडची डाळ आणि पलीकडची चड्डी यांतला फरक कदाचित या कसोटीवर टिकेलही. पण कारण विचारण्याचा हक्क आपल्याला होता आणि आपण तो वापरला नाही. आम्हीही नाही. आम्ही अर्ध्या शटरखालून वाकून पीठ आणले आणि गप्प बसलो.

पुढच्या वेळी काय मागायचे हे आताच लिहून ठेवतो. महापालिकेच्या सातपूर विभागीय कार्यालयाने दुकानांच्या वेळा ठरवताना कारखान्यांच्या पाळ्यांचे वेळापत्रक समोर ठेवावे. दुकाने रोज किमान दोन तास संध्याकाळी उघडी राहावीत. आदेश मराठीत निघावा, लागू होण्याआधी निदान एक पूर्ण दिवस मिळावा, आणि त्यात तीन ओळी असाव्यात : हा नियम का, कधीपर्यंत, आणि अडचण आली तर कोणाला भेटायचे. दंडाची पावती देणाऱ्याने नियमाचा क्रमांक लिहावा. वस्तीतली विहारे, मंडळे, बचत गट यांना नियम ठरण्याआधी एकदा विचारावे. चुन्याचे गोल कुठे आखले तर रांग उन्हात येत नाही, हे त्यांना ठाऊक असते.